मदत हवी आहे : होडीचा ट्रेलर ओढायचाय, डिझेल घेऊ की सीएनजी?

मालाडकर_८८
नमस्कार मंडळी. यंदाच्या (२०२५) दसऱ्याच्या आत गाडी बुक करायचीय आणि डोक्याचा पार भुगा झालाय. बजेट ऑनरोड १३ लाख. रोज ऑफिसला न्यायला हवी, महिन्याचा इंधनाचा खर्च परवडायला हवा आणि होडीचा ट्रेलर ओढता यायला हवा. बायको म्हणते सीएनजी सात सीटर घेऊ, भावोजी म्हणतात डिझेलशिवाय ट्रेलर जागचा हलणार नाही. शोरूमवाला दोघांनाही हो म्हणतो. कोणीतरी सरळ सांगा कुठली घेऊ. प्लीज लवकर, शनिवारी टोकन द्यायचंय.

गाडीवाले काका
होडी केवढी, वजन किती, कुठून कुठे नेणार, वर्षातून किती वेळा, रोजचं रनिंग किती? यातलं काहीच लिहिलं नाहीस बाबा, मग सांगायचं काय.

सीएनजीची साथ
डोळे झाकून अर्टिगा सीएनजी. कांदिवली ते बीकेसी रोज जातो, ३ वर्षं झाली, ट्राफिकमध्येसुद्धा किलोला २० देते. पेट्रोल १०३ च्या वर, डिझेल ९०, सीएनजी ८०. विषयच संपला.

टॉर्कवेडा
कसला संपला? सीएनजीवर अर्टिगाचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, १२१ न्यूटन मीटर, तोही इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या (आरपीएम) वर गेल्यावर. डिझेल बोलेरोचा २१० आणि तो १६०० पासून मिळतो. होडी मागे बांधून उभी गाडी जागची हलवताना हाच फरक लागतो. माझं मत विचारशील तर स्कॉर्पिओ क्लासिक घे, ३०० न्यूटन मीटर, कशेडी घाटात मागे काही आहे हे कळणारसुद्धा नाही.

मालाडकर_८८
अहो मी खाली कोकणात जातच नाही! मालाडहून केळव्याला जायचं, मामाकडे, मनोर फाट्यावरून पालघर, नव्वद एक किलोमीटर, घाट एकही नाही. आणि स्कॉर्पिओ बजेटमध्ये बसत नाही. होडी १७ फुटी फायबरची, मागे २५ हॉर्सपॉवरचं मशीन, ट्रेलर धरून ६०० किलो असेल. वर्षातून आठ वेळा नेतो. रोज जाऊन-येऊन ३० किमी. आत्तापर्यंत भावोजींची जुनी डिझेल गाडी होती पण त्यांची नाशिकला बदली झाली म्हणून ही सगळी धावपळ.

ठाण्याचा दादा
टोइंगचं म्हणशील तर गाडी उचलून नेली की आधी दंडाची पावती नीट बघून घे आणि गाडीवर कुठे ओरखडा आलाय का त्याचा फोटो तिथल्या तिथे काढ. माझ्या स्कूटरचा आरसा तुटला होता.

गाडीवाले काका
दादा, तो स्वतः ट्रेलर ओढायचं विचारतोय, गाडी उचलून नेल्याचं नाही.

पालघरची पोर
आठच वेळा ना? मग हिशोब करा. महिन्याला २६ दिवस धरले तर ७८० किमी. सीएनजी २० ने ३९ किलो, म्हणजे ३१२०. डिझेल शहरात १२ दिलं तर ६५ लिटर, ५८५० रुपये. वर्षाला जवळपास ३३ हजारांचा फरक. वर केळव्याच्या आठ खेपा, ट्रेलर मागे असताना ९ चं ॲव्हरेज धरलं तरी १४ हजार डिझेलचे. पिकअप भाड्याने किती घेतो?

मालाडकर_८८
जाऊन-येऊन ३५००.

पालघरची पोर
म्हणजे वर्षाला २८ हजार. सीएनजी घेऊन पिकअप लावलात तरी १९ हजार वाचतात. मी तरी हेच केलं असतं.

मालाडकर_८८
ताई हिशोब बरोबर आहे तुमचा, पण भरती टेम्पोवाल्याला विचारून येत नाही. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीला पहाटे ४ ची भरती होती, रात्री २ ला निघायचं ठरलं, हा माणूस उगवला ५ ला. केळव्याला पोचेपर्यंत पाणी ओसरलं होतं आणि पुढे नुसता चिखल. मी, मामा आणि दोन पोरं गुडघाभर चिखलातून होडी ढकलत होतो, मामा ६८ वर्षांचा आहे. त्यानंतर ठरवलं, पुन्हा कोणाच्या भरवशावर नाही.

हिरवी मुंबई
डिझेल घेऊच नका, मुंबईत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी येतेय.

टॉर्कवेडा
ती दिल्लीतली गोष्ट. इथे जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने फक्त अभ्यास करायला सांगितलं, सरकारने समिती नेमली. लोकांना उगाच घाबरवू नका.

हिरवी मुंबई
समिती नेमली म्हणजे आज ना उद्या येणारच. माझ्या मुलीला दमा आहे, हिवाळ्यात हायवेच्या कडेला पाच मिनिटं उभी राहू शकत नाही ती. म्हणून लिहिलं.

सीएनजीची साथ
आणि पेट्रोलचा विचार तर करूच नका, ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून माझ्या भावाच्या गाडीचं ॲव्हरेज पडलंय.

मनोरीचा बंदरकर
भाऊ, घाट नाही म्हणतोस पण उतार आहे ना? होडी पाण्यात सोडायचा उतार. ओहोटीला त्याच्यावर शेवाळ असते. ट्रेलरचा भार मागच्या चाकांवर येतो आणि चढावर पुढची चाकं हलकी होतात. गाडी अर्टिगासारखी पुढच्या चाकांवर चालणारी असली की ती जागेवर फिरत बसतात, रबराचा वास येतो नि गाडी इंचभर सरकत नाही. आमच्या बंदरावर किती जणांना ट्रॅक्टरने टोचन करून वर काढलाय. बोलेरो मागच्या चाकांवर चालते, तिला जमते. दुसरी गोष्ट, हायवेवरून आल्या आल्या ट्रेलर पाण्यात घालू नको. बेअरिंग तापलेली असतात, थंड झाली की खारं पाणी आत ओढतात आणि महिन्याभरात जाम. अर्धा तास थांब, चहा पी. नि ६०० किलो कोणी मोजलं? काट्यावर घाल आधी.

गाडीवाले काका
बंदरकरांशी शंभर टक्के सहमत. हुकवर ट्रेलरच्या वजनाच्या दहाएक टक्के भार यायला हवा, कमी असला की ट्रेलर मागे डोलायला लागतो. आणि गाडी कुठलीही घे, मॅन्युअलमध्ये ट्रेलरबद्दल काय लिहिलंय ते टोकन द्यायच्या आधी वाच, बऱ्याच फॅमिली गाड्यांना कंपनीच नको म्हणते. ट्रेलरची आरसी आहे का? कायद्याने ते वेगळं वाहन धरतात.

मालाडकर_८८
आरसी नाही. मालवणीत वेल्डरकडून बनवून घेतलाय. भावोजींना कधी कोणी अडवलं नाही.

गाडीवाले काका
अडवलं नाही म्हणून चालतं असं नाही. अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारेल. ते आधी कर, गाडी नंतर.

मालाडकर_८८
अपडेट. काल मित्राच्या गाडीने ट्रेलर काट्यावर नेला. ८७० किलो! बर्फाचा खोका, पेट्रोलचे कॅन, नांगर, जाळी हे मी धरलंच नव्हतं. घरी येऊन ट्रेलरच्या तोंडाखाली घरातला वजनाचा काटा ठेवला तर फक्त ४० किलो. मागच्या वेळी शिरसाडजवळ ट्रेलर सापासारखा वळवळत होता, भावोजी वाऱ्याला दोष देत होते, ते हे होतं. कॅन आणि खोका पुढे सरकवला, आता ८२. आरटीओच्या कामासाठी एजंटला विचारलंय. टोकन थांबवलंय, बायकोला हे सगळं वाचून दाखवलं तर ती बोलेरो बघायला तयार झाली, पण मागच्या सीटा आडव्या आहेत म्हणून नाराज आहे.

गाडीवाले काका
छान केलंस. ८७० ला ट्रेलरला स्वतःचा ब्रेक बसवून घे, सगळा भार गाडीच्या ब्रेकवर टाकू नको. बोलेरो ४ मीटरच्या आत आणि इंजिन १५०० सीसीच्या आत, म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, अर्टिगा लांबीमुळे ४० टक्क्यांत जाते. पालघरच्या ताईंच्या हिशोबात हेही धर. आणि रोज नुसत्या ट्राफिकमध्ये डिझेल चालवलीस तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) चोक होतो, आठवड्यातून एकदा तरी हायवेला मोकळी पळव.

मालाडकर_८८
ठीक काका. एकच राहिलं, आईचे गुडघे दुखतात, बोलेरोत चढायला उंच पडेल का? कोणाच्या घरी वयस्कर माणसं रोज बसतात का?

पालघरची पोर
आमच्याकडे आहे. आजी पायरीवर पाय ठेवून दाराचं हँडल धरून चढते, उतरताना मात्र हात द्यावा लागतो. टेस्ट ड्राइव्हला आईलाच घेऊन जा.