इंडोनेशियाचं जंगल सावकाराने तोडलं की घरच्यांनी?

हिशेबवही
15 जानेवारी 1998चा जकार्तामधला फोटो आठवतोय? इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो कर्जाच्या करारावर वाकून सही करताहेत आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख कामदेस्यू हाताची घडी घालून शेजारी उभे, कुळाच्या दारात सावकार उभा राहावा तसे. त्या करारात बँका, अनुदानं वगैरे होतीच. पण लाकडाच्या ओंडक्यांवरचा निर्यातकर उतरवायचा आणि पाम लागवडीत गुंतवणुकीच्या आड येणारे अडथळे काढायचे, हेही होतं. सहा महिन्यांपूर्वी डॉलरला 2400च्या आसपास असलेला तिथला रुपिया तेव्हा 10000च्या पार घसरला होता. देणं डॉलरमध्ये, मजुरी रुपियात. अशा देशाने जंगल नाही विकायचं तर काय विकायचं?

बोरूबहाद्दर
सावकार 1998ला आला हो, कुऱ्हाड आधीच पडली होती. कालिमंतानच्या (बोर्निओ बेटाचा इंडोनेशियाकडचा भाग) 10 लाख हेक्टर दलदलीत भात पिकवायचा हुकूम सुहार्तोंचा, 1995चा. हजारो किलोमीटर कालवे खणून पाणी काढलं. भात काही आला नाही. सुकलेली जमीन 1997मध्ये महिनोन्महिने धुमसली, धूर सिंगापूरपर्यंत. प्लायवूडची मक्तेदारी कोणाकडे? बॉब हसन, सुहार्तोंचा गोल्फमधला जोडीदार. वनीकरण निधीतला पैसा सुहार्तोंचे मंत्री हबीबी यांच्या विमान कारखान्यात गेला. हा निधी अंदाजपत्रकात आणा, असं सांगणारा तुमचा सावकारच होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!

हिशेबवही
निधीचा मुद्दा मान्य, धाग्यातच लिहायला हवा होता.

सुमात्रावाला
दोघंही सरकारी कर्जात अडकलाय. मी 2005च्या सुमारास सुमात्रातल्या रिआउ प्रांतात नोकरीला होतो. तिथल्या पेकनबारू शहराच्या रस्त्यावर कागद कारखान्यांचे ट्रक लागायचे. काहींत लागवडीचा बाभूळवर्गीय माल, सगळे दांडके एका मापाचे. काहींत मात्र मनगटाएवढ्यापासून कवेत न मावणाऱ्यापर्यंत सगळं एकत्र कोंबलेलं. ते रानातलं, बघताक्षणी कळायचं. कारखाने परदेशी कर्जावर इतके मोठे बांधले की लागवडीचं लाकूड पुरेच ना. एशिया पल्प अँड पेपर या कागद कंपनीने 2001मध्ये हात वर केले तेव्हा अंगावर सुमारे 14 अब्ज डॉलर होते. म्हणून कारखाना थांबला का? छे. थांबला तर कर्ज देणाऱ्यांचे पैसे कुठून येणार! नैसर्गिक जंगल तोडणं बंद करतो, असं त्यांनी जाहीर केलं ते 2013मध्ये.

बोरूबहाद्दर
म्हणजे माझंच म्हणणं. खाजगी शेठ, खाजगी हाव.

सुमात्रावाला
आणि उधार देणारे? लाकूड कुठून येणार, हे विचारायला त्यांना कोणी मनाई केली होती?

मेथकूट
मग कर्जाच्या बदल्यात जंगल राखा ना. बोलिव्हियात 1987मध्ये केलंय. साडेसहा लाख डॉलरचं कर्ज एका संस्थेने एक लाखात विकत घेऊन सोडून दिलं, बदल्यात तिथल्या बेनी भागातलं रान राखायचं ठरलं.

सुमात्रावाला
साडेसहा लाख! 14 अब्जांपुढे चिल्लर आहे ती.

बोरूबहाद्दर
हिशेबवही, आता याचं उत्तर द्या. 2016नंतर इंडोनेशियातली मूळ जंगलाची तोड बरीच वर्षं उतरत गेली आणि त्याच काळात सरकारी कर्ज वाढत होतं. 2011ला जंगलतोडीच्या नव्या परवान्यांवर स्थगिती आली, 2019ला ती कायम झाली. सरकारने मनावर घेतलं की कर्ज आड येत नाही.

हिशेबवही
पामचे भावही पडले होते त्या वर्षांत.

बोरूबहाद्दर
2022ला आभाळाला भिडले होते की. तोड तशी उसळली नाही.

हिशेबवही
बरं काढलंत 2022. त्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली. आमच्या वाण्याने पामोलिनची पिशवी पुढे करताना 'आजचा भाव आजच' असं ऐकवलं होतं. तीनेक आठवड्यांनी बंदी उठली, तीही त्यांनीच उठवली. 1998च्या सुरुवातीलाही अशीच बंदी होती. ती एप्रिलमध्ये उठली, नाणेनिधीशी झालेल्या करारानुसार, आणि जागी निर्यातकर आला. तेव्हाही राज्य सुहार्तोंचंच होतं, गोतावळाही तोच. कडी मात्र त्यांच्या हातात नव्हती.

बोरूबहाद्दर
असती तर सुहार्तोंनी जंगल राखलं असतं म्हणता?

हिशेबवही
नाही. तेवढं नाही म्हणत.