मदत हवी आहे: ओल्या मटारचा आणि चीजचा साधा पास्ता, व्हाइट सॉसशिवाय

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत विश्रामबागला राहते. होळी तोंडावर आली आहे आणि मंडईत मटार अजून दिसतोय, पण आता शेवटचाच. पौषात येते ती गोड, कोवळी शेंग संपली. आत्ताच्या शेंगा सोलल्या की निम्मे दाणे कोवळे आणि निम्मे जून, पिठूळ निघतात. हा मटार संपायच्या आत पास्ता नीट जमवायचा आहे, म्हणून हा धागा.

मला नेमकं काय हवंय ते आधी सांगते. लग्नकार्यात स्टॉलवर मिळतो तसा पास्ता नकोय. त्यात ढोबळी मिरची, मक्याचे दाणे, ओरेगॅनोची पुडी आणि वरून दाट पांढरा सॉस असतो, मटार घातला काय न घातला काय, कळतच नाही. आमच्याकडे मटारची उसळ होते, भात होतो, करंज्या होतात आणि प्रत्येकात मटार मटारसारखा लागतो. पास्त्यातही तसाच लागावा. इटलीत एप्रिल-मे महिन्यात ताजा मटार आला की चार-पाच जिनसांत पास्ता करतात, मटार, कांदा, चीज, मिरी, बास. मला तेच करायचंय.

अडचण पहिली चीजची. कढईत पास्ता आणि मटार परतून त्यात किसलेलं चीज घातलं की आधी तारा सुटतात, मग सगळं चीज उलथन्याला गोळा होऊन चिकटतं आणि कढईच्या तळाशी पाणी आणि तूप वेगळं दिसायला लागतं. पास्ता कोरडाच राहतो.

दुसरी रंगाची. मी झाकण ठेवून मंद गॅसवर मटार शिजवते, आपण उसळीला करतो तसंच. दाणे मऊ होतात पण मेंदीच्या रंगाचे होतात आणि सालं सुरकुततात. शेजारच्या काकू चिमूटभर सोडा घाल म्हणाल्या, पण सोड्याने चव जाते असं मला वाटतं.

शिवाय घरात सगळे शाकाहारी आहेत. सासूबाईंना चीज चालतं, आवडतंही, पण त्या पाकिटावरचं सगळं वाचायला लावतात आणि मला ते योग्यच वाटतं. परदेशी पाककृतींत पार्मेजान (किसून घालायचं कडक चीज) आणि रिकोटा (मऊ, ओलसर ताजं चीज) लिहिलेलं असतं. त्याऐवजी काय घ्यावं? ओव्हन नाही, दोन शेगड्या आहेत, माणसं सहा.

जाणकारांनी प्लीज सविस्तर सांगा.

मिरजकर

चीज कुठलं वापरता? आणि घालताना गॅस चालू असतो का?

कृष्णाकाठ

पिझ्झासाठी मिळतं ते मोझरेला. गॅस चालू असतो, नाहीतर वितळणार कसं?

मिरजकर

तिथंच आहे सगळं बघा. मोझरेला हे ताणून केलेलं चीज, तार सुटणं हाच त्याचा गुण. पिझ्झ्यावर तो हवा असतो, पास्त्याच्या रस्स्यात नको. त्यात गॅस चालू असला की चीजमधली प्रथिनं आखडतात, एकमेकांना धरतात आणि आतलं पाणी आणि स्निग्धांश बाहेर ढकलतात. तुम्हाला तळाशी दिसतं ते हेच.

असं करा. पास्ता उकळलेलं पाणी फेकू नका, दोन वाट्या बाजूला काढा. त्यात पिठाचा अंश उतरलेला असतो, तो चीजला गोळा होऊ देत नाही. पास्ता आणि मटार कढईत एकत्र झाले की त्यात या पाण्याची अर्धी वाटी घाला, गॅस बंद करा, कढई शेगडीवरून खाली घ्या आणि मिनिटभर थांबा. मग अगदी बारीक किसलेलं चीज मूठमूठ घालत हलवत राहा. घट्ट वाटलं तर अजून थोडं पाणी. गरम पास्त्याच्या आचेवरच चीज वितळतं, त्याला जाळ लागत नाही.

आणि पास्ता उकळताना भसाभस पाणी घेऊ नका. पाकिटावर १०० ग्रॅमला १ लिटर लिहिलेलं असतं, आपण त्याच्या पाऊणपट घेतलं तरी चालतं आणि पाणी जास्त पिठाळ होतं. फक्त सुरुवातीला ढवळायला विसरू नका, नाहीतर बुडाला लागतो.

पोवईनाका

साताऱ्याहून लिहितोय. चीजबद्दल थोडी भर घालतो, कारण सासूबाईंचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

अस्सल पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेजानो, हे वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध फाडायचं विकर, वापरूनच करावं लागतं, तिकडचा नियमच तसा आहे. त्यामुळे ते शाकाहारी नाही. ग्राना पदानोचंही तसंच. आपल्याकडे मिळणाऱ्या चीजच्या पाकिटावर हिरवी खूण बघून घ्या, त्यात दूध फाडायला सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं. सासूबाईंना निर्धास्त सांगा.

माझं मत म्हणाल तर साधं प्रोसेस्ड चीज घ्या, क्यूब किंवा वडी. लोक त्याला नाकं मुरडतात, पण त्यात घातलेल्या क्षारांमुळे ते फुटत नाही, एकसारखं वितळतं. तुमच्या अडचणीवर तोच सोपा उपाय. फक्त ते बरंच खारट असतं, तेव्हा मीठ हात राखून.

रिकोटाऐवजी घरचा छेना. १ लिटर म्हशीचं दूध उकळीला आणा, गॅस बंद करा, दीड-दोन चमचे लिंबाचा रस थोड्या पाण्यात घालून हळूहळू ओता. फाटलं की दहा मिनिटं तसंच ठेवा आणि फडक्यात गाळा. वर वजन ठेवू नका, दाबलंत तर पनीर होईल. ओलसर, मऊ राहिलं पाहिजे. हे वितळत नाही, कारण आंबटाने फाडलेलं दूध कितीही तापवलं तरी वितळत नाही. म्हणून ते शेवटी वरून ठिपके ठिपके करून घालायचं. गोड मटार आणि दुधाची ती ताजी चव, फार छान लागतं. निवळीतच पास्ता शिजवू नका, आंबटपणाने मटारचा रंग जाईल.

वरणफळ

रंगाचं सोपं आहे हो. झाकण काढा! भाज्यांमधली आंबट द्रव्यं वाफेबरोबर निघून जायला हवीत, झाकण असलं की ती परत भांड्यातच पडतात आणि हिरवा रंग मारतात. भरपूर खळखळतं मीठपाणी घ्या, त्यात कोवळे दाणे उघड्यावर दोन-तीन मिनिटं शिजवा, गाळून लगेच गार पाण्यात. लिंबू पिळायचं असेल तर पानात वाढल्यावर. सोडा घातला तर रंग हिरवागार राहतो हे खरं, पण दाणा गिळगिळीत होतो आणि जीवनसत्त्व जातं. काकूंना माझा नमस्कार.

वेगळं भांडंही लागत नाही. पास्ता शिजायला तीन मिनिटं उरली की त्याच पाण्यात मटार टाका, दोन्ही एकदमच गाळा.

अजून एक. बोअरचं जड पाणी असेल तर मटारची सालं चिवट राहतात. नळाचं पाणी घ्या.

गुळपोळी

एवढा खटाटोप करण्यापेक्षा फ्रोजन मटार घ्या ना. तोडल्यावर लगेच वाफवून गोठवलेला असतो, मंडईत दोन दिवस पडलेल्या शेंगेपेक्षा गोड निघतो.

कृष्णाकाठ

गुळपोळी, तुमचं म्हणणं खरं आहे, पावसाळ्यात मी तोच आणते. पण शेंगा सोलत बसणं हाच आमच्या घरातला निम्मा आनंद आहे. मुलं सोलता सोलता मूठभर कच्चे खातात, त्यांना कोण अडवणार. आणि टरफलांचंही काहीतरी होतं असं मी कुठंतरी वाचलं होतं, ते कुणाला माहीत आहे का?

वरणफळ

होतं की! व्हेनिसमध्ये मटार आणि तांदळाचा एक ओलसर भात करतात, रिझी ए बिझी. २५ एप्रिलला सेंट मार्कच्या सणाला तो करायची तिथली जुनी रीत. त्यात पाणी वापरतात ते टरफलं उकळूनच. त्याच पाण्यात पास्ता शिजवला तर मटारची चव पास्त्याच्या आतपर्यंत जाते. तुम्हाला हवंय ते हेच ना?

शेंगा सोलायच्या आधी दोन-तीनदा चांगल्या धुवा, फवारणी असते. देठ आणि शिरा काढा. टरफलं, एक कांदा चार फोडी करून, मीठ, थोडे मिरीचे दाणे आणि बुडेल एवढं पाणी. वीस मिनिटं उकळून गाळा. जास्त उकळू नका, कडसर होतं. पाणी फिकट हिरवं आणि गोडसर येतं.

बाकी नापोलीकडे पास्ता ए पिझेल्ली म्हणून याहून साधा प्रकार आहे. पसरट पातेल्यात तेलावर बारीक कांदा मंद आचेवर मऊ करायचा, लाल नाही होऊ द्यायचा. मटार घालून दोन मिनिटं हलवायचं, वर हे टरफलांचं गरम पाणी, त्यात बारीक पास्ता किंवा मोडलेली स्पॅगेटी. पाणी टाकून द्यायचंच नाही, खिचडीसारखं आटवत आणायचं. गॅस बंद करून चीज. एकच पातेलं, वीस मिनिटांत ताटात. मला हाच सगळ्यात आवडतो.

वाळवण

ही चर्चा वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. बारीक पास्ता हवा म्हणता, तर तुमच्या सासूबाईंकडे नखुल्या असतील ना? किंवा मालत्या? रुखवतासाठी करायचो आपण, रव्याच्या घट्ट पिठाच्या, नखाने दाबून, उन्हात खडखडीत वाळवून. दुधात खीर करतो तेवढीच आता त्यांची आठवण राहिली. पण इटलीच्या दक्षिणेला पुलियात बायका बिनअंड्याच्या रव्याच्या पिठाचे छोटे कानासारखे तुकडे अंगठ्याने दाबूनच करतात आणि भाजीबरोबर शिजवतात. हात अगदी तसाच चालतो.

नवीन करायच्या असतील तर गणपती पेठेत बन्सी रवा विचारा. बन्सी हा कठीण जातीचा गहू, पास्त्याला लागतो तो ड्युरम त्यातलाच. बारीक रवा, कोमट पाणी, चिमूट मीठ. खूप मळावं लागतं, मग तासभर झाकून ठेवा. ताज्या असतील तर चार-पाच मिनिटांत शिजतात, वाळलेल्यांना जास्त वेळ लागतो. एक दाणा फोडून बघा, मध्ये पांढरा ठिपका दिसत असेल तर अजून थोडा वेळ.

दुकानातलाच घ्यायचा तर पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला बघून घ्या. मैद्याचा मॅकरोनी या पद्धतीने केला तर लगदा होतो.

कृष्णाकाठ

वाळवण काकू, सासूबाईंना तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला. त्या उठल्या आणि माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढायला लावला. गेल्या उन्हाळ्यातल्या नखुल्या आहेत, अगदी स्वच्छ, कीड नाही. म्हणाल्या, खीर नेहमीचीच आहे, हे करू.

तर काल रात्री केलं. टरफलांचं पाणी, त्यात नखुल्या, शेवटी कोवळा मटार, झाकण न ठेवता. कांद्याची पात होती ती घातली, लसूण नाही घातला. गॅस बंद करून पातेलं ओट्यावर घेतलं, मिनिटभराने चीज. एक गोळा झाला नाही! पाणी, चीज, नखुल्या मिळून सगळ्या दाण्यांवर एक पातळ थर बसला आणि मटार हिरवा. वर छेना आणि मिरी. सासऱ्यांनी दोनदा मागून घेतलं, ते सहसा पास्त्याकडे बघत नाहीत.

आता शेवटचा प्रश्न. जून दाणे मी वेगळे काढले होते, वाटीभर आहेत. ते दोन-तीन मिनिटांत शिजत नाहीत. त्यांचं काय करू?

पोवईनाका

वा, नखुल्यांचं ऐकून फार बरं वाटलं. आईला सांगतो.

जून दाण्यातली साखर पिठात गेलेली असते, ती परत येत नाही. त्याला सॉस करा. कुकरला एक शिट्टी द्या, मग थोडी पुदिन्याची पानं, चमचाभर लोणी आणि पास्त्याचं पाणी घालून मिक्सरला फिरवा. हवी तर साखर किंचित. पिठूळपणामुळेच तो छान दाट होतो, मैदा लागत नाही. यात पेनी (नळीसारखा पास्ता) घोळवा आणि वरून चीज.

पुढच्या वेळी शेंग घेताना हातात घेऊन बघा. कोवळी शेंग चकचकीत असते, दोन शेंगा एकमेकींवर घासल्या की कुरकुर आवाज येतो. पांढरट, जाळीदार, टम्म फुगलेली असेल तर जून. घरी आणल्यावर न सोलता फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर राहिल्या की गोडवा झपाट्यानं उतरतो. सोलून पाण्यात ठेवलेला मटार नको, वाळका वाटाणा भिजवून रंग लावलेलाही त्यात खपतो.

मिरजकर

पुढच्या वेळेला होळीपर्यंत थांबायला नको. पुरंदरचा वाटाणा पावसाळ्यात निघतो, श्रावण-भाद्रपदात पुण्याकडून येणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा. तो कोवळा मिळाला तर टरफलंही गोड असतात.

कृष्णाकाठ

सासवडला नणंद आहे, आजच फोन करते. पुदिन्याचा सॉस रविवारी. वाळवण काकू, नखुल्यांचं पीठ किती घट्ट हवं ते जरा सांगा. सासूबाई म्हणतात चपातीपेक्षा घट्ट, पण बन्सी रवा त्यांनीही कधी वापरलेला नाही.

वाळवण

सासूबाई बरोबर सांगतात. वाटीभर रव्याला अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी पाणी घेऊन सुरुवात करा. आधी भुरभुरीत वाटेल, लगेच पाणी वाढवू नका, रवा तासाभरात पाणी पितो. मग परत मळा. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे पण पीठ बोटाला चिकटता कामा नये. चिकटलं तर कोरडा रवा भुरभुरवा. पीठ ओल्या फडक्याखाली ठेवून लहान लहान गोळा काढत जा, नाहीतर वरून सुकतं आणि नखुली दाबताना कडेला चिरते.