टुरिझम साइट: दर गावाला नवीन कोड की एकच फ्रेमवर्क?

शेंगाचटणी: मंडळी, मागल्या वर्षी जँगो (पायथॉनचं वेब फ्रेमवर्क) न लीफलेटमध्ये (वेबवर नकाशा दाखवायची लायब्ररी) सोलापूरची साइट केलो, सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट, हुतात्मा चौक असं सगळं. मग अक्कलकोटसाठी एकानं मागितली तर तेच फोल्डर कॉपी करून नाव बदलून दिलं, आता पंढरपूरचं आलंय आणि एकच बग दोन ठिकाणी दुरुस्त करत बसलोय. सगळ्या गावांना चालेल असं स्वतःचं फ्रेमवर्क, म्हणजे साइटचा सांगाडा, लिहावं की तयार घ्यावं?

भीमाकाठ: लिहू नका ओ, वर्ष जाईल. ओमेका एस बघा, साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर, पीएचपी-मायएसक्यूएलवर चालतं, एका इन्स्टॉलवर अनेक साइट निघतात, आयटम सगळ्यांचे एकत्रच राहतात. मॅपिंग मॉड्यूल टाकलं की नकाशापण येतो, तोही लीफलेटवरच. फक्त रूम बुकिंग वगैरे पाहिजे असेल तर नाद सोडा, ते मुळात म्युझियम-आर्काइव्हवाल्यांचं आहे.

काठीवाला_९: काय करालास बे, आधी डेटा बघ की! तुझ्या मॉडेलमध्ये (डेटाच्या साच्यात) नुसतं 'ठिकाण' असणार, पैज लाव. गड्ड्याचं, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेचं काय करणार? नंदीध्वजाच्या सात काठ्या निघतात, ६८ लिंगांना फेरी होते, ते एक पिन नाही, मार्ग आहे. शिवाय संक्रांत सूर्यावर, १४ नाहीतर १५ जानेवारी, आणि आषाढी तिथीवर, ती कधी जूनमध्ये कधी जुलैमध्ये. तारीख कोडमध्ये लिहिलास की दरवर्षी फोन येणार. ठिकाण, मार्ग, उत्सव अशी तीन मॉडेलं करून एक वेगळं जँगो ॲप बनव, पिपनं (पायथॉनचा पॅकेज इन्स्टॉलर) इन्स्टॉल होईल असं. गावाचं नाव, रंग, भाषा सेटिंगमध्ये. बस, झालं तुझं फ्रेमवर्क.

शेंगाचटणी: पैज जिंकलास 😅 मार्ग म्हणून मी एकामागं एक पिन टाकलेत. आज जिओजेसनमध्ये (नकाशाच्या डेटाचा फॉरमॅट) टाकून बघितलो तर सिद्धेश्वर मंदिर डायरेक्ट उत्तर ध्रुवाकडं, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या खाली समुद्रात!!

काठीवाला_९: १७.६, ७५.९ असं टाकला असशील. जिओजेसनला रेखांश आधी लागतो, लीफलेटच्या मार्करला अक्षांश आधी. अदलाबदल एकाच फंक्शनमध्ये ठेव आणि त्याला टेस्ट लिही, नाहीतर पंढरपूरपण बर्फात जाईल.

भीमाकाठ: आणि नकाशाखालचं ओपनस्ट्रीटमॅपचं (ज्यांचा खुला नकाशा वापरतो त्यांचं) नाव काढू नका, श्रेय द्यावंच लागतं. तुमच्या अक्कलकोटच्या साइटवर दिसलं नाही मला.

शेंगाचटणी: क्लायंटनं काढायला लावलं होतं. आज रात्रीच परत टाकतो.