मदत हवी आहे: वणव्याच्या मोसमाआधी अख्ख्या गल्लीची तयारी कशी करावी? (डँडेनॉन्ग, व्हिक्टोरिया)

नमस्कार मंडळी,

आम्ही मेलबर्नच्या पूर्वेला डँडेनॉन्गच्या डोंगरउतारावर राहतो. गल्लीत १४ घरं, मागे नीलगिरीचं रान आणि बाहेर पडायला एकच रस्ता. आपल्या घरापुरतं काय करायचं ते बऱ्यापैकी कळलंय. गल्लीचं काय करायचं तिथे गाडी अडलीय, म्हणून हा धागा.

गेल्या उन्हाळ्यात 'टोटल फायर बॅन'च्या (उघड्यावर आग पेटवायला बंदी असते, अशा) एका दिवशी मी आणि नवरा दोघंही शहरात कामावर होतो. भारतातून आलेले आई-बाबा घरी एकटे. दुपारी आईचा फोन, "अगं, धुराचा वास येतोय, आभाळही तांबूस झालंय. काय करू?" दोघांनाही इथे गाडी चालवता येत नाही. शेजारी कुणाला तरी सांगावं म्हटलं, तर सहा वर्षं राहूनही माझ्याकडे गल्लीतल्या एकाचाही नंबर नव्हता. धूर लांबच्या गवताला लागलेल्या आगीचा होता आणि ती आग लगेच आटोक्यातही आली. पण मी पोचले तेव्हा बाबा बागेची नळी धरून मागच्या दारात उभे होते. अंगात पॉलिएस्टरचा ट्रॅकसूट, पायात रबरी चपला. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

त्यानंतर पन्हळी साफ केल्या, डेकखाली रचलेली लाकडं हलवली, छपराच्या फटींना बारीक धातूची जाळी ठोकली. घरं बऱ्याचदा ज्वाळा पोचायच्या आधीच, वाऱ्याबरोबर उडत आलेल्या निखाऱ्यांनी पेटतात. दारातलं काथ्याचं पायपुसणंसुद्धा पुरतं त्याला.

आता माझे प्रश्न. कामाच्या दिवशी दुपारी कुठल्या घरात कोण असतं, हे भोचकपणा न वाटता कसं विचारायचं? समोरच्या आजी ८२ वर्षांच्या, एकट्या राहतात. त्यांचं म्हणणं, "१९८३च्या ॲश वेन्सडेच्या वणव्यांत मी इथेच होते, मला काही झालं नाही." त्यांना कसं समजवायचं? आणि जून २०२१च्या वादळात झाडं पडून इथे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलही बंद पडले होते. तसं झालं तर नुसत्या फोन नंबरांच्या यादीचा काय उपयोग?

डोंगरवाट:
ताई, मी सीएफएमध्ये (व्हिक्टोरियाच्या ग्रामीण अग्निशमन दलात) स्वयंसेवक आहे. सीएफएचा 'कम्युनिटी फायरगार्ड' नावाचा उपक्रम नेमका तुमच्यासारख्या गल्ल्यांसाठी आहे. शेजारी एकत्र येतात आणि माहीतगार माणूस येऊन बैठका घेतो. पैसे पडत नाहीत. पहिल्या बैठकीला नकाशा काढा आणि प्रत्येकाला आपापलं घर स्वतःच भरू द्या: माणसं किती, गाडी आहे का, दिवसा कोण असतं, जनावरं कोणती. आपण विचारलं की भोचकपणा वाटतो, सगळ्यांनी मिळून भरलं की वाटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धूर दिसल्यावर निघायचं हा बेतच चुकीचा आहे, त्यातही रस्ता एकच असताना. धुरात समोरचं दिसत नाही, झाड आडवं पडलं की सगळे अडकतात. सप्टेंबर २०२२पासून आगीच्या धोक्याच्या चार पातळ्या आहेत: मॉडरेट, हाय, एक्स्ट्रीम, कॅटॅस्ट्रॉफिक. रोज संध्याकाळी उद्याची पातळी पाहायची. कॅटॅस्ट्रॉफिक असेल तर आदल्या रात्री किंवा भल्या सकाळी सगळ्यांनी निघायचं. तुमच्या आई-बाबांसारख्यांनी एक्स्ट्रीमलासुद्धा. निघायचं म्हणजे फार लांब जायचं नाही. शहरातलं वाचनालय, मॉल, मित्राचं घर, काहीही चालेल. आग लागली नाही तरी तो दिवस फुकट गेला असं समजू नका.

आणि वारा. इथे उत्तरेचा तापलेला वारा दिवसभर वाहतो, मग एकाएकी नैऋत्येचा थंड वारा सुटतो. माणसांना हायसं वाटतं, पण त्याच वेळी आगीची बाजूची लांबच लांब कड तिचं पुढचं तोंड होऊन सरकते. ७ फेब्रुवारी २००९ला हेच झालं. त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसं गेली. त्यात तुमचं घर उतारावर. चढ १० अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो.

आजींशी घर सोडण्यावरून वाद घालू नका. १९८३मध्ये आग कुठून आली, रस्ता कुठे बंद झाला, ते विचारा. बैठकीत त्यांनाच सांगू द्या. मग "निघणार का?" असं न विचारता "त्या दिवशी आमच्या गाडीत बसाल का?" एवढंच विचारा.

सदाफुली:
फोन बंद पडले तर साखळी करा. पहिल्या घराने दुसऱ्याचं दार ठोठवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. घरात कुणी नसेल तर पुढचं दार. आम्ही एकदा सराव केला, तेव्हा लक्षात आलं की दोन घरांची फाटकं आतून कुलूपबंद असतात. बॅटरीवरचा रेडिओ घ्या, एबीसीचं (सरकारी नभोवाणीचं) स्थानिक केंद्र कागदावर लिहून फ्रीजवर लावा. वीज गेली की एनबीएनवरचा (ब्रॉडबँड जाळ्यावरचा) घरचा फोनही जातो, आणि विजेवरचा पाण्याचा पंपसुद्धा. आई-बाबांसाठी जाड सुती किंवा लोकरी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चामड्याचे बूट दाराशीच ठेवा. नुसती धगही जीव घेते. दुभाषा हवा असेल तर १३१ ४५० हा नंबरही तिथेच चिकटवा.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. काल आजींकडे गेले होते. दीड तास त्या १९८३बद्दल बोलत होत्या. गल्लीच्या टोकाची जागा दाखवून म्हणाल्या, रस्ता तिथेच बंद झाला होता. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी पहिली बैठक आहे, नऊ घरं येतो म्हणालीत.

गाडीत बसायला आजी तयार आहेत, पण मांजराला सोडून येणार नाहीत. पूर्वेकडच्या उपनगरांत ४०च्या वर तापमान असताना तीन म्हातारी माणसं आणि एक मांजर दिवसभर बसू शकतील अशी जागा कुणाला माहीत आहे का?