बिनतारी सोनोग्राफी प्रोब वर्गात वापरताना प्रोजेक्टर जोडता येत नाही

शरीररचना_विभाग: पहिल्या वर्षाला मान आणि पोट दाखवायला दोन बिनतारी प्रोब (त्वचेवर टेकवून आतलं चित्र टॅबवर पाठवणारे) आहेत, एक लिनिअर (सपाट तोंडाचा, वरवरच्या भागासाठी) आणि एक कॉन्व्हेक्स (गोलसर तोंडाचा, खोल भागासाठी). टॅबवर चित्र उत्तम येतं. पण टॅब कॉलेजच्या वाय-फायवरून प्रोजेक्टरला कास्ट केला की प्रोब डिस्कनेक्ट होतो. २५ जणांची बॅच एका टॅबभोवती कशी उभी करायची?

तारवाला: दोष प्रोबचा नाही. असे बहुतेक प्रोब स्वतःच वाय-फाय सोडतात आणि टॅब त्यालाच जोडलेला असतो. कॉलेजच्या नेटवर्कवर गेला की प्रोब सुटणारच. टाइप-सी ते एचडीएमआय केबलने थेट प्रोजेक्टर जोडा. मात्र विकत घेण्याआधी टॅबचा पोर्ट व्हिडिओ बाहेर देतो का, ते बघा. स्वस्त टॅबचा पोर्ट बऱ्याचदा फक्त चार्जिंग आणि डेटापुरताच असतो. सिम असेल तर मोबाइल डेटा बंद ठेवा. प्रोबच्या वाय-फायला इंटरनेट नसतं, त्यामुळे अँड्रॉइड मधेच सिमवर उडी मारतो.

रेडिओ_प्रात्यक्षिक: दोन्ही प्रोब शेजारच्या टेबलांवर असतील तर चॅनेल वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६, ११ एवढेच एकमेकांत न मिसळणारे. ५ गिगाहर्ट्झची सोय असेल तर तीच घ्या, आणि मुलांना फोनचे हॉटस्पॉट बंद करायला सांगा, नाहीतर चित्र अडखळतं. समजावताना फ्रीझ दाबून चित्र थांबवा. सतत स्कॅन चालू राहिला की प्रोब तापतो आणि स्वतःहून बंद पडतो; मुलांना वाटतं बॅटरी गेली. थायरॉइडला लिनिअर, चित्राची खोली (किती आतपर्यंत दिसेल ते) ३-४ सेंमी. यकृत-मूत्रपिंडामधल्या मॉरिसन पाउचला कॉन्व्हेक्स, १२ ते १५ सेंमी. खोली जास्त ठेवली की थायरॉइड वरच्या कोपऱ्यात चिंचोक्याएवढा दिसतो, आणि 'सर, दिसत नाही' सुरू होतं. जेल पुसल्यावर लेन्सला सरसकट स्पिरिट लावू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच द्रावण वापरा.

नियमावली: हे सगळं नंतर. प्रोब खिशात मावला तरी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या (१९९४) दृष्टीने ते सोनोग्राफी यंत्रच. आधी नोंदणी हवी. नोंदणी नसलेल्या ठिकाणी यंत्र विकणंही बेकायदा आहे. नोंदणी असलेल्या केंद्रात नवं यंत्र वाढवायचं तर ३० दिवस आधी समुचित प्राधिकाऱ्याला (या कायद्याखाली नोंदणी देणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवून प्रमाणपत्र नव्याने घ्यावं लागतं. पोर्टेबल यंत्र कुठे वापरायचं यावरही बंधनं आहेत, म्हणून ॲनाटॉमी हॉलचा पत्ता अर्जात लिहून लेखी उत्तर घ्या. प्रात्यक्षिकासाठी स्वयंसेवक पुरुषच ठेवा.

शरीररचना_विभाग: टॅबचा पोर्ट फक्त चार्जिंगचाच निघाला. आता टॅब बदलायचा अर्ज आणि यंत्रनोंदणीचा अर्ज दोन्ही एकदमच पाठवतो.