विषय: जानेवारीत ठाण्याला चाललोय, पोरांना डोंगर कुठला दाखवू?

केतन (सॉल्ट लेक सिटी):

नमस्कार मंडळी,
जानेवारीत पाचपाखाडीला, सासुरवाडीला मुक्काम आहे. लेक तेराची, मुलगा पंधराचा. दोघंही हिवाळाभर अल्टाच्या स्की रिसॉर्टवर पडीक असतात, उरलेला वेळ क्लाइंबिंग जिममध्ये. "ठाण्यात मॉल सोडून आहे काय?" असं तोंडावर विचारतात. मुग्धा यंदा स्कीइंगला बुट्टी मारून ऐरोलीला घरी गेल्याचं कळलं. मुग्धा, काहीतरी सुचव बाई.

मुग्धा (सध्या ऐरोली):

केतनदादा, बुट्टी नाही हो, थिसिस लिहितेय! यंदा बर्फ उकरायला लॅबमधली बाकीची पोरं आहेत. (नवीन मंडळींसाठी: कॅन्यनमध्ये माणूसभर खोल खड्डा खणायचा, एकेका थराचा बर्फ वजन करायचा आणि त्यात पाणी किती ते काढायचं, हे माझं काम. स्की हे तिथवर पोचायचं वाहन.)

आता डोंगर. सह्याद्री म्हणजे तिकडच्या वासाच डोंगररांगेची धाकटी आवृत्ती असं सांगून नेऊ नका, पचका होईल. तिथल्या लिटल कॉटनवुड कॅन्यनच्या ग्रॅनाइटला भेगेत मूठ कोंबून चढतात. आपला कातळ बेसॉल्टचा. पकड दिसायला भक्कम, पण आधी थोपटून आवाज ऐकायचा. पोकळ वाजली की सोडून द्यायची. मुंब्र्याच्या कड्यांवर क्लबवाल्यांचा सराव चालतो, मी गेल्या रविवारी तिथेच होते. ऊन चढायच्या आत सुरुवात करायची, नंतर जानेवारीतसुद्धा कातळ तापतो. आणि डिओ, अत्तर अजिबात नको. कपारींत आग्यामोहोळं असतात. तुम्ही निघण्याआधी ॲव्हलांचचं (हिमकडे कोसळण्याच्या धोक्याचं) बुलेटिन वाचता ना, तसं इथे पोळी कुठे लागलीत ते गावातल्या माणसाला विचारून मगच दोर लावतात.

पायांना काम हवं असेल तर माहुली. ठाण्याहून आसनगाव लोकल, पुढे रिक्षा. उंची 858 मीटर म्हटल्यावर मुलं हसतील, कारण अल्टाचा पार्किंग लॉटच त्याच्या तिप्पट उंचीवर आहे. हसू द्या. लिफ्ट नाही, आणि उतरताना घसाऱ्यावर बूट सरकायला लागला की आपोआप गप्प होतील. वरून तानसा तलाव दिसतो. मुंबईला 1892 पासून पाणी पाजतोय, आणि ते सगळं चार महिन्यांच्या पावसाचं. यूटाहमध्ये पाणी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बर्फ होऊन डोंगरावरच थांबतं, म्हणून तिथे डोंगर हेच धरण. इथे पाऊस कोसळतो आणि वाहून जातो. अडवला तेवढाच आपला. माझा अख्खा थिसिस या चार ओळींत आला, गाइडला सांगू नका.

एक सकाळ मात्र खाडीसाठी ठेवाच. आमच्या ऐरोलीहून वनखात्याची बोट सुटते, पण तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, तेव्हा आधी चौकशी करा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो तिथे पसरून खातात, चोच उलटी पाण्यात घालून. भरतीला चिखल बुडाला की तेच थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर जाऊन उभे राहतात. काळसर लाल चोचीचे ते छोटे फ्लेमिंगो, फिक्या गुलाबी चोचीला काळं टोक असलेले मोठे. तिवरांच्या मुळांमधून निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारताना दिसतील. लेकीला त्या दाखवा, फ्लेमिंगो विसरेल. (आमच्या शेजारच्या आगरी काकू निवट्यांचं कालवण करतात, तेही एकदा चाखा.)

सुधीरकाका (सॉल्ट लेक सिटी):

फ्लेमिंगो बघायला इतकं लांब? आमच्याकडे एक होता! ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या ट्रेसी एव्हिअरी या पक्षी-उद्यानातून निसटला, मूळ चिलीकडच्या जातीचा. पुढे कित्येक हिवाळे ग्रेट सॉल्ट लेकवर एकटाच राहिला, खारी कोळंबी खाऊन. लोकांनी त्याचं नाव पिंक फ्लॉइड ठेवलं होतं. 2005 नंतर काही दिसला नाही.

पण मुग्धा, एक विचारतो. 2022 मध्ये आपल्या तळ्याची पातळी नोंदी सुरू झाल्यापासून सर्वांत खाली गेली. डोंगरावरचं पाणी तळ्याला पोचायच्या आधी अल्फाल्फाच्या (गुरांच्या चाऱ्याच्या) शेतांत जिरतं. घरचं तळं आटतंय आणि पोरांना विमानात बसवून चिखल दाखवायला न्यायचं, हा कुठला पर्यावरणाचा धडा?

मुग्धा:

काका, ते आजीला भेटायला चाललेत. चिखल वाटेतच आहे.

आणि तळ्याचं म्हणाल तर बरोबर आहे, म्हणूनच खाडी दाखवा म्हणते. तुमच्या तळ्याला पाणी मिळत नाही हे दुखणं. इथे दिवसातून दोनदा समुद्र आत येतो, पण शहराचं सांडपाणीही येतं. त्यावर शेवाळ पोसतं, आणि छोटे फ्लेमिंगो मुख्यतः तेच खातात. नव्वदच्या दशकापासून इथे इतके थवे यायला लागले त्यामागे हेही एक कारण असावं, असं पक्षीअभ्यासकांचं म्हणणं. म्हणजे आपली घाण आणि त्यांचं जेवण! 2022 मध्ये खाडीला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, तरी पाणथळींवर भराव पडण्याची भीती काही गेलेली नाही. नुसतं "प्रदूषण वाईट" शिकलेल्या मुलांना हे कोडं पडू दे की.

केतन:

काका, भांडण आल्यावर चहाला पुढे चालू. मुग्धा, मुंब्रा नक्की. दोरापासून सगळं घेऊन यायचं का?

मुग्धा:

दोर नको, क्लबचे आहेत. मुलांचे क्लाइंबिंग शूज आणि हेल्मेट मात्र आणाच, त्यांच्या मापाचे आयत्या वेळी मिळणं कठीण. लेकीच्या कमरेचं माप कळवा, लहान हार्नेस शिल्लक आहे का विचारून ठेवते.