मिठाचा सत्याग्रह म्हणजे फक्त दांडीच का?

वडाळाकर: लेकीला शाळेत प्रोजेक्ट दिलंय, मिठाचा सत्याग्रह आणि महाराष्ट्र. पुस्तकात दांडी, ७८ सत्याग्रही, ६ एप्रिल १९३० आणि मग एका ओळीत 'इतरत्रही झाला' एवढंच. आम्ही राहतो वडाळ्याला, आजी म्हणायची इथल्या मिठागरावर लोकांनी मार खाल्लाय पण त्यापुढे तिला काही आठवायचं नाही. कुणाला नीट माहितीये का? आणि जिथं समुद्रच नाही तिथल्या लोकांनी काय केलं?

पार्लेकरीण: आजी बरोबर सांगायच्या. मे-जून १९३० मध्ये वडाळ्याच्या मिठागरावर परत परत धडक मारली लोकांनी, १ जूनला तर पंधरा हजाराच्या आसपास जमाव होता, पोलिस लाठ्या चालवतायत आणि लोक चिखल तुडवत आत घुसून मीठ उचलतायत. आमच्या पार्ल्यात जमनालाल बजाजांची छावणी होती, तिथून जुहूला जायचे. आणि बायकांना विसरू नका प्लीज. चौपाटीवर कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले होत्या, कमलादेवी तर मिठाच्या पुड्या घेऊन थेट शेअर बाजारात विकायला गेल्या!! प्रोजेक्टमध्ये हे टाकाच, बाबू गेनू सगळेच टाकतात (टाकायलाच हवेत, पण ते १२ डिसेंबरचं, परदेशी कापडाचा ट्रक अडवतानाचं, ते मिठात मिसळू नका).

वऱ्हाडी_दादरमध्ये: समुद्र नाही म्हणून अडलं कुठे भाऊ. आमच्या अकोला जिल्ह्यात दहिहांड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी, तेच पाणी आटवून मीठ काढलं. खारपाणपट्टा आहे तो, प्यायला पाणी नाही म्हणून पिढ्यानपिढ्या शिव्या देतो आम्ही, तेव्हा तेच कामी आलं 😄 पण खरं सांगू का, पाऊस लागला की मीठ कसं करणार? म्हणून मग जंगल सत्याग्रह, म्हणजे मिठाऐवजी जंगल कायदा मोडायचा. १० जुलैला आमच्या वऱ्हाडातले काँग्रेस पुढारी बापूजी अण्यांनी पुसदला सरकारी रानातलं गवत कापलं, अटक झाली. गुरं चारायची, लाकूडफाटा आणायचा तर फॉरेस्टवाल्याची परवानगी, त्यामुळे आदिवासी नि शेतकरी स्वतःहून उतरले, मिठापेक्षा तो कायदा त्यांना रोज टोचत होता.

उरणचा_पोर: जंगलाचं निघालंय तर चिरनेर राहू देऊ नका. आमच्याच तालुक्यातलं. २५ सप्टेंबर १९३०, अक्कादेवीच्या डोंगरावर लोक झाडं तोडायला गेले, पोलिसांनी गोळीबार केला, आमची माणसं गेलीच पण त्याच गोळीबारात सरकारचे मामलेदार जोशी पण गेले. स्मारक आहे गावात. आता अटल सेतू झालाय, शिवडीवरून या की रविवारी.

पार्लेकरीण: @उरणचा_पोर पण तिथं कोयते होते ना हातात लोकांच्या?

उरणचा_पोर: लाकूड तोडायला जाणारा माणूस फुलं घेऊन जाईल का ताई 🙂

वडाळाकर: एवढं मिळेल वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. लेक आता वेगळंच घेऊन बसलीये, विहिरीच्या पाण्याचं मीठ घरी गॅसवर करून बघायचंय तिला. @वऱ्हाडी_दादरमध्ये गावाहून येताना एक बाटली पाणी आणाल का? कढई माझी.

वऱ्हाडी_दादरमध्ये: आणतो. पण कढई जुनी काढा, चांगलीची वाट लागते.